मार्थाने दिलेली दुपारची वेळ

मंडळी, आज मन फार दुखावलंय, म्हणून तुम्हालाच सांगतेय.

लग्नघरी जाऊन बांगड्या भरणं हा माझा धंदा. उत्तनच्या मार्थाच्या लग्नात तिचा हिरवा चुडा मीच भरला होता. आज तिच्या लेकीचा भरायचा होता. या महायुद्धामुळे काचेच्या बांगड्या मिळत नाहीत, तरी या पोरीसाठी मी चांगला माल जपून ठेवला होता. "दुपारच्या घंटेला ये," असा मार्थाचा निरोप होता. त्याच वेळेचं भाईंदरचं एक लग्नघर मी नाकारलं.

बैलगाडीने पोचले तेव्हा चर्चची घंटा वाजत होती. मांडवात बघते तर नवरीचे दोन्ही हात भरलेले! वसईचा कासार आपली पेटी आवरत होता.

मार्था म्हणाली, "तू येतेस का न्हाय, कुणास ठाव! म्हणून याला बसवला."

नवरी चटकन बोलली, "आये, याला सकाळची वेळ तूच दिलीस ना? हा न्हाय आला तर दुपारी मावशी हायच, म्हणालीस."

मार्थाने मान खाली घातली.

"मावशी, एकेक तरी भरा," म्हणत पोरीने हात पुढे केले. तिचा काय दोष? भरल्या. मार्थाने जेवायला वाढलं, पण मी अर्ध्या ताटावरून उठले.

निघताना ती म्हणाली, "धाकटीच्या लग्नाला तूच हां." मी माझी पेटी उचलून गाडीत चढले.

इतक्या वर्षांचं माणूस असं वागलं, तर पुन्हा त्याच्या शब्दावर तुम्ही घराबाहेर पडाल का?