देवळात दिलेला शब्द

आमच्या मिशनच्या देवळाची झाडलोट लाडक्याकडे होती. तो मूळचा जव्हार संस्थानातल्या जामसरचा, पण बायको ठकी मोखाड्याकडची, म्हणून इकडेच राहिला. दोघांनी एकाच दिवशी बाप्तिस्मा घेतला. पुढे ठकी तापाने गेली, तेव्हा गावाने तिला मसणवट्यात घेतलं नाही. तुमचा देव वेगळा, तुमची माती वेगळी, एवढंच म्हणाले. लाडक्याने तिला ओहोळाच्या काठावर पुरलं. दर पावसात तो काठ ढासळायचा आणि दर उन्हाळ्यात लाडक्या दगड वाहून तो पुन्हा रचायचा. मी नगरहून मिशनच्या शाळेवर आलेली मास्तरीण. माझ्या डोळ्यांदेखत त्याची पाठ त्या दगडांनी वाकली.

मग निवडणूक आली. जव्हारात राजांचं राज्य, तिथे मतबित काही नव्हतं. मोखाडा मात्र इंग्रजाच्या मुलखात, आणि असेंब्लीत ख्रिस्ती लोकांसाठी वेगळी जागा ठेवलेली. पाळकसाहेबांना हुरूप आला. दोन्ही उमेदवारांना देवळात बोलवायचं, शेजारीशेजारी बसवायचं आणि मंडळीसमोर प्रश्न विचारायचे, असं त्यांनी ठरवलं. आमच्यात मत असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी, मग एवढा खटाटोप कशाला, असं मी त्यांना तोंडावर विचारलं. त्यांनी मला चहाच्या तयारीला लावलं.

सभेला देऊळ भरलं. जव्हारकडूनही काही कुटुंबं नुसती बघायला आली होती. शाळेच्या अनुदानाचं विचारून झालं, दारूच्या दुकानांचं झालं, लोक जांभया देऊ लागले. तेवढ्यात मागून लाडक्या उठला. त्याला मत नव्हतं, पण रोज देऊळ झाडणाऱ्याला खाली बस म्हणायची कोणाची छाती होईना.

“साहेब, आमचे ठकीला देवलामागचे टेकडीवर जागा देशील काय? पानी आला का ती वाहून जाल. मंग मना तरी कुठं पुरतील?”

इकडे देवालाही तू आणि साहेबालाही तूच. मुंबईहून आलेले डॉक्टर अवघडून म्हणाले, “जमीन जंगलखात्याची आहे. माझ्या हातात नाही. अर्ज करून बघेन, पण होईलच असं सांगवत नाही.” हे कोणालाच आवडलं नाही. मग दुसरे उमेदवार, वसईचे वकील, उठले. त्यांनी वेदीवरच्या क्रुसाकडे हात केला आणि म्हणाले, “देवळामागची टेकडी ना? मिळालीच समजा!”

टाळ्या थांबेनात. लाडक्या मात्र टाळ्या न वाजवता खाली बसला आणि पदराने पुसावेत तसे उपरण्याने डोळे पुसू लागला.

या डोंगरात देवासमोर दिलेला शब्द म्हणजे झालेलं काम. तो पुन्हा विचारायचा नाही. विचारला तर देवावरच संशय घेतल्यासारखं होतं. धर्म बदलला तरी हे काही बदललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना पाहिलं, तर लाडक्या ओहोळाच्या काठावरचे दगड एकेक करून टेकडीवर नेत होता. नव्या जागेला कुंपण घालायचं होतं त्याला. आधी कुंपण, मग चांगला दिवस बघून ठकीला आणायची.

“अरे, हुकूम तरी येऊ दे,” मी ओरडले. “तोवर ते दगड होते तिथे ठेव.”

“देवलात बोलला ना तो, बाई. मंग दिलीच.”

वकील निवडून आले. हुकूम आला नाही. जंगलाचा गार्ड आला, त्याने कागद मागितला, आणि कागद नाही म्हटल्यावर कुंपण मोडून दगड उतारावर लोटून दिले. त्याचं तरी काय चुकलं? पाळकसाहेबांनी वकिलांना दोनदा लिहिलं. मी लाडक्याला हात जोडले की बाबा, निदान काठ तरी पुन्हा रच. दगड परत नेणं म्हणजे देवळात दिलेला शब्द खोटा होता असं म्हणणं, आणि ते त्याच्याने होईना.

आषाढात ओहोळ फुगला आणि काठ गेला. पाणी ओसरल्यावर आम्ही दोघांनी खाली दूरवर शोधलं. काही मिळालं नाही. मला रडू आवरेना; लाडक्या म्हणाला, “चल बाई, तुजी शाला भरली असंल.”

पुढे लोकलबोर्डाची निवडणूक आली, आणि वकील आपल्या माणसासाठी मतं मागायला पुन्हा आमच्या देवळात आले. पाळकसाहेबांनी या वेळी हुरूप नसतानाच सभा ठेवली. मी सगळ्यांत मागे बसले. वकिलांनी लाडक्याला ओळखलं, हे मात्र खरं.

“काय बाबा, आज काही विचारायचं नाही?”

लाडक्या भिंतीला धरून उठला. हळूहळू चालत गेला आणि त्याने देवळाचं दार सताड उघडलं.

“नाय, साहेब. पन बोलाचा असंल तं भायेर ये. हितं बोलशील तं मना खरा वाटंल.”