मिटलं म्हणजे काय?

माझी आत्या कुलपं उघडते, किल्ल्या बनवते आणि माणसांवर ओरडते. तिन्ही कामं ती चाळीस वर्षं सारख्याच निष्ठेनं करत आली आहे. जिन्याखालचं तिचं दुकान इतकं अरुंद, की गिऱ्हाईक आत शिरलं तर आत्याला बाहेर यावं लागतं. भिंतीवर आकड्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या, पुढ्यात किल्ली घट्ट पकडायचा शिकंजा, शेजारी लहानमोठ्या पाच कानशी. किल्ली कापायचं यंत्र आहे, पण शेवटचा हात ती कानशीनंच फिरवते. यंत्राला किल्ली दिसते, कुलूप दिसत नाही, असं तिचं म्हणणं.

साबणाच्या वडीवर किल्लीचा ठसा उमटवून आणणारा कुणी आला, की तो संपला. "आंघोळ कर जा त्या साबणानं," असं ती भर रस्त्यात ऐकवते. मूळ किल्ली आण, नाहीतर घराचा कागद आण, तिसरी गोष्ट नाही. तिच्या माघारी लोक तिला तोफखाना म्हणतात. तिला ते माहीत आहे, आणि मनातून आवडतंही.

रस्त्याच्या टोकाला असलेल्या पोलीस ठाण्याचं तर तिच्यावाचून पान हलत नाही. कुणी आत अडकलं, कुणी दार उघडेना, की हवालदार दुकानाशी हजर. आत्या हत्यारांची पिशवी उचलते, दार उघडते, मग कागदावर साक्षीदार म्हणून सही करते. अशा तिच्या सह्या त्या ठाण्यात शंभरावर निघतील.

तर गेल्या वर्षी नियम आला. किल्ली बनवणाऱ्या प्रत्येकानं परवाना घ्यायचा. परवान्यासाठी पोलिसांचा दाखला, की या माणसावर कधीही गुन्हा नाही. मुदत तीन महिने, नंतर दुकानाला सील. आत्या म्हणाली, चांगला नियम आहे, साबणावरून किल्ल्या बनवणारे तरी हटतील धंद्यातून. आणि पहिल्याच आठवड्यात मला घेऊन ठाण्यात गेली. मी शाळेत कारकून आहे. फॉर्म भरायचा असला की घरात मला मान असतो.

खिडकीतल्या कारकुनानं कॉम्प्युटरमध्ये नाव घातलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा आत्याकडे पाहिलं.

"बाई, इथे घरफोडी दिसतेय."

"आमच्याकडे नाही हो झाली," आत्या म्हणाली. "वरच्या मजल्यावर सायकल गेली होती मागे. तीच असेल."

"तुमच्याकडे झालेली नाही. तुम्ही केलेली. वय वर्षं तेरा."

आत्या मागे वळली आणि बाहेर चालायला लागली. मी तिला जन्मापासून ओळखते. कुणावर न ओरडता ती निघालेली मी कधीच पाहिली नव्हती.

ठाण्याच्या आवारात, बाकावर बसून, तिनं मला जे सांगितलं ते आमच्या घरात कधीच कुणी बोललं नव्हतं. तेव्हा दुकान माझ्या आजोबांचं होतं. त्यांच्या वरच्या खोलीत एक नवराबायको राहायचे. नवरा कामावर जाताना बायकोला बाहेरून कुलूप लावून जायचा. एक दिवस तिला सणसणून ताप भरला आणि ती खिडकीतून पाणी मागायला लागली. तेरा वर्षांच्या आत्यानं एक वाकवलेली तार आणि दोन कोऱ्या किल्ल्या घेऊन पाव तासात दार उघडलं. बाई पाणी प्याली, तिनं स्वतःच्या बांगड्या घेतल्या आणि सरळ आईचं घर गाठलं. संध्याकाळी नवरा ठाण्यात: कुलूपवाल्याच्या पोरीनं घर फोडलं, दागिने नेले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. पोरीला दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळपासून दिवे लागेपर्यंत ठाण्यात बसवून ठेवलं. नाव, वय, दहा बोटांचे ठसे. चौथ्या दिवशी ती बाई भावाला घेऊन आली, बांगड्या टेबलावर ठेवल्या आणि सगळं खरं सांगितलं. नवऱ्यानं तक्रार मागे घेतली. तेव्हाचे साहेब आजोबांना म्हणाले, "मिटलं. घेऊन जा पोरीला."

मिटलं! या शब्दावर माझा सगळा राग आहे. भांडण मिटतं, डोळे मिटतात, फूल मिटतं. फूल मिटलं म्हणून झाडावरून जातं का? पण आजोबा साधे. साहेबांनी मिटलं म्हटलं, ते पुसलं समजले. घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, की यावर आता कुणी बोलायचं नाही. आणि कुणी बोललं नाही, चव्वेचाळीस वर्षं.

मी परत खिडकीशी गेले. "तक्रार मागे घेतली होती. निकाल काय लिहिलाय त्यात?"

"निकालाचा रकाना रिकामा आहे. रिकामा असला की कॉम्प्युटर प्रलंबित धरतो."

म्हणजे सत्तावन्न वर्षांच्या बाईची तेराव्या वर्षीची घरफोडी अजून चालू होती.

मी रजिस्टर मागितलं. चार खेपा घातल्या, तेव्हा तो तयार झाला. फोन खिडकीवर ठेवून घेतला, आत फोटो काढायला बंदी म्हणाला, आणि आम्हाला मागच्या जुन्या कागदांच्या खोलीपाशी नेलं. खोलीचं कुलूप गंजून बसलेलं. कारकुनानं किल्ली दोनदा फिरवली, मग नजर चुकवत आत्याकडे पाहिलं.

"बाई, तुम्हीच बघता का जरा?"

मला इतका संताप आला, की मी तोंड उघडणार होते. आत्यानं माझा हात दाबला. पिशवीतून तेलाची बाटली काढली, दोन थेंब सोडले, थोडा वेळ थांबली आणि कुलूप हलकेच उघडून त्याच्या हातात ठेवलं. जिच्यावर हे लोक घरफोडी लावत होते, तिच्याकडूनच त्यांनी आपली खोली उघडून घेतली. वर म्हणाले, थँक्यू.

रजिस्टर सापडलं. मी रोज रजिस्टरं हाताळते, त्यामुळे बघताक्षणी कळलं. एक नोंद दोन पानांवर पसरलेली. डाव्या पानावर नाव, वय, आरोप. उजव्या पानावर निकाल. आणि उजव्या पानावर सुरेख अक्षरात लिहिलं होतं: फिर्यादीने तक्रार मागे घेतली, आरोप वगळले, मुलगी निर्दोष, वडिलांच्या ताब्यात दिली.

"मग कॉम्प्युटरमध्ये का नाही हे?"

"टायपिंगचं काम बाहेर दिलं होतं," कारकून म्हणाला. "उजवी पानं बरीचशी कोरी असायची. म्हणून त्यांनी डावीच केली."

एवढंच. डावीच केली. या गावातल्या किती माणसांचे आरोप टाइप झाले आणि सुटका राहून गेली, कोण मोजणार? आणि हे तो अशा आवाजात सांगत होता, जणू आज नळाला पाणी आलं नाही.

मी त्या पानाची नक्कल मागितली. नक्कल साहेबांच्या सहीनं मिळते, म्हणून साहेबांकडे गेलो. नवे साहेब बोलायला अगदी गोड. नोंद पाहून हळहळलेसुद्धा. म्हणाले, "अहो, नक्कल कशाला? लहान मुलांच्या नोंदी ठेवायच्याच नसतात. कायदाच आहे तसा. अर्ज करा, आम्ही नष्ट करून टाकतो. कायमची कटकट गेली."

मला वाटलं, भेटला एक शहाणा माणूस. आत्याला म्हटलं, नक्कल राहू दे, मुळावरच घाव घालू. अर्ज मीच लिहिला. माझ्याच अक्षरात. हे मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

पाच आठवड्यांनी पत्र आलं. सदर अभिलेख नियमानुसार नष्ट करण्यात आला आहे. आत्या ते पत्र वाचून लहान मुलीसारखी हसली. त्या दिवशी तिचं तीन गिऱ्हाइकांवर ओरडायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दाखला आणायला गेलो.

कारकुनानं नाव घातलं. पडद्याकडे पाहिलं.

"बाई, आता दोन दिसतात."

पहिली ओळ होती तिथेच होती. घरफोडी, वय तेरा, प्रलंबित. खाली दुसरी: अभिलेख नष्ट करण्याबाबत अर्ज. हात दाखवून अवलक्षण!

"अहो, नष्ट केलं ना? हे बघा पत्र."

"रजिस्टरमधली नोंद नष्ट केली. ती दोन्ही पानं कापून जाळली, पंचांसमक्ष. कॉम्प्युटर आमच्या हातात नाही, तो मुख्य कार्यालयाचा. त्यांना लिहा. ते लगेच काढतील, फक्त सुटल्याचा पुरावा जोडा."

"पुरावा उजव्या पानावर होता."

"हो ना," तो म्हणाला.

मी त्या खिडकीवर काय काय बोलले, ते लिहीत नाही. एवढंच सांगते, की आत्यानं मला ओढून बाहेर नेलं, आणि आत्यानं दुसऱ्याला आवरायची ही आयुष्यातली पहिली वेळ. कायदा लहान मुलांना वाचवायला केला होता म्हणे. त्यांनी तो अक्षरशः पाळला. ती निर्दोष आहे असं सांगणारा जगातला एकमेव कागद कायदेशीरपणे जाळला आणि ती चोर आहे असं सांगणारी ओळ कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवली.

मुख्य कार्यालयाला आम्ही तीन पत्रं पाठवली. उत्तर एकदाच आलं: पुरावा जोडावा. मुदत संपली आणि दुकानाला सील लागलं. आत्या घरी बसली. सकाळी उठून कानशी पुसायची, पुन्हा कापडात गुंडाळून ठेवायची. ओरडायचीसुद्धा नाही. मला त्या शांततेची भीती वाटायला लागली होती.

तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, हवालदार धापा टाकत घरी आला. मागच्या गल्लीतले म्हातारे शिंपीकाका आत पडलेत, दार आतून बंद, कण्हणं ऐकू येतंय.

"जाऊ नकोस," मी म्हटलं. "परवाना नाही तुझ्याकडे. त्यांना अर्ज करायला सांग."

"आत माणूस आहे, गाढवे," आत्या म्हणाली आणि पिशवी उचलली.

सहा मिनिटांत दार उघडलं. शिंपीकाकांचं खुब्याचं हाड मोडलं होतं, पण माणूस वाचला. त्यांना दवाखान्यात नेल्यावर हवालदारानं नेहमीसारखा कागद काढला. साक्षीदाराचं नाव, वय, पत्ता लिहिला. "व्यवसाय तोच ना, आत्याबाई?"

"नाही," आत्या म्हणाली. "लिहा, घरफोडी."

"असं कसं लिहू?"

"तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. किल्लीचं दुकान तर तुम्हीच बंद केलंत. मग मी उघडलं ते दार कुठल्या धंद्यात बसतं?" त्याचं पेन हलेना, तेव्हा तिनं ते हातातून घेतलं, घरफोडी असं ठळक लिहिलं आणि खाली सही ठोकली.

दोन दिवसांनी तो पुन्हा आला, खालमानेनं. हातात नवा कागद. मजकूर तोच, तारीख तीच, सगळं स्वच्छ टाइप केलेलं. व्यवसायाच्या जागी फक्त लिहिलं होतं: गृहिणी. साहेबांनी सही मागितली आहे म्हणाला.

"गृहिणी?" आत्या म्हणाली. तिनं लग्नच केलेलं नाही. "कुणाची रे?"

"बाई, समजून घ्या. तसा कागद वर गेला तर साहेबांची नोकरी जाईल."

"आणि मी लिहिलेला कुठे आहे?"

"तो साहेबांनी फाडला."

म्हणजे नोंद बदलता येते तर! चव्वेचाळीस वर्षं एक ओळ हलली नाही, चार महिने आम्ही उंबरे झिजवले, आणि साहेबांवर शेकतंय म्हटल्यावर दोन दिवसांत नवा कागद टाइप होऊन घरपोच आला.

हवालदारानं पेन पुढे केलं. आत्यानं ते घेतलं नाही. कागद मात्र घेतला, नीट चार घड्या घातल्या आणि हत्यारांच्या पिशवीत तळाशी ठेवला.

"अहो, तो परत द्यायचाय," हवालदार म्हणाला.

"हा मी ठेवते," आत्या म्हणाली. "तुम्ही बोलावलंत आणि दार मी उघडलं, एवढं तरी यात आहे. माझ्या बाजूचे कागद तुमच्याकडे टिकत नाहीत."