मासे काढून टाकले

मावशी कुणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या. आजारी माणसाची सेवा करायला ज्या घरी जात, त्या घरच्या त्या मावशी होत. पेशंट बरा झाला किंवा गेला, की नातंही तिथंच संपे. नवरा ऐन तिशीत सोडून गेल्यापासून हेच काम धरलेलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला न दुखवता कुशीवर वळवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

याआधीची काही वर्षं मावशी एका साहेबांकडे होत्या. साहेब मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. ऑफिसात त्यांची पावलं वाजली की लोक खुर्च्या सावरून बसत, असं ते स्वतःच सांगत. बायको वारली, एकुलता एक मुलगा परदेशात, आणि झटका येऊन डावी बाजू लुळी पडली. बोलणं जड झालं, पण समजायचं सगळं. मुलानं टीव्हीला एक छोटी डबी जोडून दिली होती. सिनेमे, बातम्या त्यातून दिसत आणि रविवारी मुलगाही त्यातूनच पडद्यावर येई.

डाव्या हाताच्या व्यायामाला डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला होता. साहेबांनी तो पलंगाखाली भिरकावला. "मी काय कुकुलं बाळ आहे?"

मग एकदा पडद्यावर मासे पकडायच्या खेळाची जाहिरात आली आणि साहेब म्हणाले, "हे लाव." मावशींनी खटपट करून तो खेळ डबीत उतरवून घेतला. साहेब डाव्या हातात रिमोट धरून बटण दाबू लागले. बोटं थरथरायची, मासा निसटायचा, साहेब चिडायचे. महिनाभरात बोटं वळायला लागली. मोठा मासा लागला की मावशी टाळ्या पिटत आणि साहेब अर्ध्या तोंडानं हसत. माशांमागून पत्ते आले, मोटारींची शर्यत आली, आणखी काय काय आलं.

"पोराला सांगू नकोस," साहेबांनी बजावलं होतं. पोरगा शाळेत असताना त्याचा व्हिडिओ गेम त्यांनी खिडकीतून खाली फेकला होता. खेळ म्हणजे रिकामटेकड्यांचे उद्योग, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एका रविवारी पडद्यावर मुलाऐवजी पाटी आली. डबीत जागा उरली नव्हती. मुलानं मावशींच्या मोबाईलवर फोन केला, स्पीकर लावायला सांगितलं आणि सेटिंग्ज कुठं, ॲप्सची यादी कुठं हे एकेक करून समजावलं. काय काय आहे ते वाचायला सांगितलं. मावशी वाचत गेल्या. मासे, पत्ते, मोटारी, फुगे, सोंगट्या.

"मावशी, हे सगळं कुणी भरलं?"

मावशींनी साहेबांकडे पाहिलं. फोन दोघांच्या मधोमध टेबलावर होता. साहेबांचा एक शब्द पुरला असता. मावशी त्या शब्दाची वाट बघत राहिल्या.

"पाणी," साहेब म्हणाले.

मावशींनी ग्लास तोंडाला लावला. पलीकडून मुलगा बोलत होता. बाबा भिंतीकडे बघत पडून राहतात आणि तुम्ही मासे पकडत बसता का, तुमच्यावर विश्वास टाकून मी इथं निर्धास्त आहे, वगैरे. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं, असं मावशींना वाटलं. त्या रिमोट घेऊन एकेक खेळ काढत गेल्या. दर वेळी डबी विचारी, नक्की काढायचं का? त्या हो दाबत. मासे शेवटी गेले.

जागा झाली. मुलाचा चेहरा पडद्यावर लख्ख आला. तब्येतीचं बोलणं झालं. मग त्यानं विचारलं, "मावशी नीट बघतात ना तुमच्याकडे?"

"बघतात," साहेब म्हणाले, आणि जरा थांबून, "आता बघतील."

मावशी रिकामा ग्लास घेऊन स्वयंपाकघरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांनी रिमोट पुढं केला. "मासे."

"काढून टाकले, साहेब. तुमच्यासमोरच."

"पुन्हा घाल."

"घालते. आधी फोन लावते, तुम्ही त्यांना सांगा, खेळ तुमचे होते म्हणून."

साहेबांनी रिमोट मांडीवर ठेवला. दोन-तीनदा ओठ हलवले, पण फोन लाव काही म्हणाले नाहीत. पुढंही कधी म्हणाले नाहीत. मावशींनी चेंडू धुऊन त्यांच्या हातात दिला, त्यांनी तो धरला नाही. अंघोळ, औषधं, कूस बदलणं, सगळं वेळच्या वेळी होत होतं. फक्त खोलीत कुणी हसत नव्हतं. बोटं पुन्हा आखडली, तेव्हा मुलानं फोनवर त्याचंही खापर मावशींवरच फोडलं. महिना भरला आणि मावशींनी काम सोडलं. त्या निघताना साहेबांनी चांगला हात वर केला. निरोपाला की थांब म्हणायला, हे मावशींनी विचारलं नाही.

आता त्या एका आजीबाईंकडे असतात. माणूस गोड आहे, बोलका आहे. परवा आजी म्हणाल्या, टीव्हीत काही गमतीचं घालून दे की गं, दिवस सरत नाही.

"मला नाही येत त्यातलं," मावशी म्हणाल्या आणि चादर झटकायला घेतली.