विहिरीचा नमुना

"कोणाची गं तू?" पाटलांनी विचारले. मी नाव सांगितले, हुद्दा सांगितला. त्यांना फक्त आडनाव हवे होते. ते ऐकून हसले. "मंग बाटली तिथंच ठेव, पोरी. हिरीला शिवू नको. गडी वतून देईल."

दुष्काळाचे दुसरे वर्ष. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नांदेडला विज्ञानाची पदवी घेऊन मी तिथे पाणी तपासणीच्या कामावर लागले होते. मुरुडपलीकडच्या त्या गावात पाटलांची एकच विहीर जिवंत होती. तिथल्या, माझ्याच समाजाच्या बौद्ध वस्तीला तिचे पाणी वरून ओतून मिळे. वस्तीतली मुले जुलाबाने आडवी झाली होती.

नियम साधा आहे. निर्जंतुक बाटली नमुना घेणाऱ्यानेच दोरीने विहिरीत सोडायची. मला तो पाठ होता. तरी मी बाटली पायरीवर ठेवली. सकाळपासून दोन गावे पायी झाली होती. भांडायचे त्राण नव्हते. गड्याने घरातल्या रांजणातले, उकळून ठेवलेले पाणी आणून ओतले. मी पाहिले. आणि चिठ्ठीवर लिहिले : विहीर.

अहवाल आला. पिण्यास योग्य.

आठवड्याने वस्तीत गेले. एक आजी नातीला मांडीवर घेऊन बसली होती.

"पानी चांगलं हाय म्हनं. तूच तपासलंस न्हवं, बाई? मंग पोर का वाळून राहिली?"

अपमान पाटलांनी केला होता. खोटे मी लिहिले होते.

तिथून सरळ विहिरीवर गेले.

"नमुना मी घेणार. नाहीतर तुम्ही घेऊ दिला नाही, असे लिहून कळवीन."

"लई शिकलीस व्हय? बस मंग उन्हात."

बसले. येणारे-जाणारे थुंकून गेले. ओरडायचे नाही, रडायचे नाही, उठायचे नाही : एवढेच घोकत राहिले. दिवस कलल्यावर पाटील म्हणाले, "घे अन् टळ इथून."

दोरी मी सोडली. पाणी दूषित निघाले. वस्तीसाठी टँकर सुरू झाला. आजीची नात तोवर गेली होती.

आज माझ्या हाताखाली चार जण आहेत. त्यांना धैर्यावर भाषण देण्याइतका उत्साह माझ्यात उरलेला नाही. पहिल्या दिवशी ती खोटी चिठ्ठी दाखवते, माझ्या सहीसकट. मग बाटली देते. गावोगाव अजूनही कोणीतरी म्हणते, ठेव तिथे. मी ठेवत नाही. जिथे माझा हात चालत नाही, तिथे माझी सही मिळणार नाही.