रुळांचा सांगाडा

काळ्या बाजारातलं लोखंड घरात येऊ देणार नाही, असं मी दादाला तोंडावर सांगितलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. चळवळीची पत्रकं वाचून वाढलो होतो, आणि महायुद्धाची लढाई संपली तरी साठेबाजांची चैन संपत नाही याचा संताप माझ्या अंगात मावत नव्हता.

माझा हा थोरला भाऊ लढाईत मोटारदुरुस्तीच्या पथकात फिटर होता. परतल्यावर त्याने लष्करी लिलावातून एका मोडक्या लॉरीचं इंजिन, आस आणि चाकं आणली. सांगाडा मात्र अपघातात पिळवटून गेलेला. तो नव्याने घडवायचा, वर लाकडी टप चढवायचा आणि बेलापूर ते कोपरगाव उतारू न्यायचे, असा त्याचा बेत. पुण्याच्या एका वर्कशॉपने त्याच्यासाठी दिवाळीपर्यंत नोकरीची जागा राखून ठेवली होती. सांगाडा उभा राहिला तर तो घरी राहणार, नाहीतर जाणार. आई गेल्यापासून घरात आम्ही तिघंच: दोघं भाऊ आणि वडील, आबा. आबांना दुसरा कसलाही घोर नव्हता.

आबा लोहार. अंगणातल्या भात्यापाशीच काम सुरू झालं. एका व्यापाऱ्याकडे सरळ, नव्या पट्ट्या होत्या, पण परमिटाशिवाय. मी अडवलं.

"तुज्या पत्रकांचीच मोटार करू मग," दादा म्हणाला. पण त्याने ऐकलं. साखर कारखान्याने मोडीत काढलेले, उसाच्या ट्रॉल्यांचे रूळ आम्ही रीतसर पावती घेऊन आणले. मला केवढा विजय वाटला!

मागच्या आसावरून जाण्यासाठी दोन्ही रूळ लाल करून वर वाकवायचे होते. शेजारचे काका कुडावरून बघत होते. "आरं, जू कुठं बसवनार हाय? सांगा, माजे बैल आनतो!" आबा हसले. फार दिवसांनी हसले.

वाक उत्तम आला. "आता राखंत निजू द्या, आपसूक निवू द्या," असं सांगून दादा स्प्रिंगा बघायला कोपरगावला गेला.

आबांनी उभ्या जन्मात पाणी पाजून कडक केल्याशिवाय फाळ कुणाच्या हाती दिला नव्हता. मऊ फाळ पहिल्याच दगडाला वाकतो. मग पोराची मोटार ते मऊ कशी ठेवतील? त्यांनी वाक पुन्हा लाल केला आणि मला पाण्याची डोण दाखवली.

"वत. दनकट हुईल."

दादाचे शब्द मी ऐकले होते. पण या लोखंडातलं तुमच्यापेक्षा तुमच्या मुलाला जास्त कळतं, हे आबांना सांगायची मला लाज वाटली. मी बादली ओतली. दुसऱ्या रुळावरही ओतली.

आडव्या पट्ट्या रिव्हेटांनी ठोकून सांगाडा चाकांवर चढला. इंजिन बसलं. मग भार बघायला दादाने ज्वारीची पोती मांडली. सहाव्या पोत्याला काच तडकावी तसा आवाज झाला. रूळ बरोबर वाकापाशी तुटला होता.

दादाने तुटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "पानी दिलं हुतं का?"

"व्हय. फाळाला देतो तसं."

"आबा, रुळाचं लोखंड आदीच लई कडक असतं. पानी पाजलं की काचंगत हुतं."

"मी वतलं," मी म्हणालो. दादा पोती उतरवायला लागला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"पुन्यांदा करू की," आबा म्हणाले. पण कारखान्याकडचे मोडीतले रूळ संपले होते, व्यापाऱ्याच्या पट्ट्या केव्हाच गेल्या होत्या आणि दिवाळी चार दिवसांवर आली होती.

काळ्या बाजाराबद्दलचं माझं मत तेव्हा बदललं नाही, आजही नाही. व्यापाऱ्याचा माल नाकारताना माझा आवाज गल्लीभर गेला होता. आबांना "थांबा" म्हणायला मात्र मला तोंड उघडता आलं नाही.

दोन दिवसांनी मी दादाची ट्रंक उचलून बेलापूर स्टेशनकडे निघालो. आबा सांगाडा सुटा करायला बसले होते, रिव्हेटांची डोकी छिनीने एकेक उडवत होते. दादा त्यांच्या पाया पडला, तेव्हाही त्यांनी छिनी खाली ठेवली नाही.