सभा संपवण्याच्या बाजूने कोण?

चार म्हातारी माणसं कॉफीला जमली, तरी आमच्या अध्यक्षबाई त्याची सभा करत. आणि मत घेऊन रीतसर संपवल्याशिवाय कुणाला घरी जाऊ देत नसत. "सभा संपवण्याच्या बाजूने कोण?" असं त्यांनी विचारलं की भराभर हात वर होत. ओटोचा हात मात्र सगळ्यात शेवटी. बायको गेल्यापासून त्याला घरी जायची घाई नव्हती.

ॲथलोनच्या आसपास राहणाऱ्या जर्मनभाषक वृद्धांसाठी बाईंनी हे मंडळ काढलं होतं. मी पुण्याचा. पुण्यात शेंबडं पोरही जर्मनच्या एकदोन परीक्षा देऊन ठेवतं, तशा मीही दिल्या होत्या. पोटापाण्याला मात्र आलो आयर्लंडच्या मधोमध, वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात. या बाई माझ्याच शेजारच्या. त्यांच्याशी एकदा हौसेने जर्मन बोललो आणि आठवड्याभरात मंडळाचा स्वयंसेवक झालो. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

मग कोरोना आला. एकवीस साल उजाडलं तेव्हा घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी होती, आणि तेवढं जायची परवानगीही फक्त व्यायामापुरती. बाकीचे सभासद फोनवर भेटत. बाई फोनवरही "हात वर करा" म्हणत, आणि मलिंगारहून एक आजोबा ओरडत, "केला!" ओटो मात्र फोन उचलून "ठीक" म्हणे आणि ठेवून देई. त्याचं इंग्रजी विरत चाललं होतं, जर्मन बोलायला कुणी नव्हतं, आणि आता जेवणही सुटत चाललं होतं. बाई धास्तावल्या होत्या.

"अहो बाई, वृद्धांना मदत करायला नियमात सूट आहे. सरळ जा की त्याच्याकडे!" मी म्हणालो.

"मदत म्हणून गेले तर तो दार उघडणार नाही," बाई म्हणाल्या. "ओटोला मदत नकोय. त्याला सभा हवीय."

त्यांनी ओटोला चिटणीस नेमलं. मग नकाशावर कर्कटकाने दोन वर्तुळं काढली, एक स्वतःच्या घराभोवती, एक ओटोच्या. दोन्हींच्या मधे, कुणाच्याच हद्दीत न येणारं एक शेत उरलं. रविवारी शेताच्या अलीकडच्या कुंपणाशी बाई आणि मी, पलीकडच्या कुंपणाशी टाय लावलेला ओटो, आणि मधे गाई. बाई एकट्या राहत म्हणून आमच्या घराशी त्यांनी कायदेशीर 'बबल' केला होता, म्हणजे नियमापुरती आमची दोन घरं एकच, त्यामुळे भोंगा धरायला मी. परवानगी व्यायामाची, म्हणून अध्यक्षीय भाषण जागच्या जागी पाय आपटत झालं. मीही आपटत होतो. कारखान्यातलं कुणी बघत नव्हतं, एवढंच नशीब.

शेताचा मालक स्वतःच्या शेतात कुठेही फिरायला मोकळा, म्हणून केक त्याच्या हाती पाठवला.

"हे चालतं?" मी विचारलं.

"मर्यादा माणसाला आहे, केकला नाही."

"ग्रँड," मालकाने आयरिश पद्धतीचा होकार दिला आणि गाईंमधून निघाला.

ओटोने केक खाल्ला. पुढच्या रविवारी पण खाल्ला. बोलला मात्र काहीच नाही. बाईंचा आवाज पार बसला, पण त्या हटेनात. तिसऱ्या रविवारी त्यांनी ठराव मांडला की यापुढे दर सभेला हाच केक असावा. "कुणाची हरकत?"

"आहे!" पलीकडून आरोळी आली. "केक कोरडा आहे! पहिल्यापासून कोरडा आहे!"

मी बाईंकडे पाहिलं. त्या चष्मा पुसत होत्या. "चिटणीस बोलले," त्या कशाबशा म्हणाल्या, आणि पाय आपटायचे विसरल्या. त्या दिवसापासून ओटो प्रत्येक ठरावाला हरकत घेऊ लागला आणि जेवूही लागला.

वसंतात बंदी उठली. हेमंतात बाई गेल्या, झोपेतच. एवढी एकच गोष्ट त्यांनी कुणाचं मत न घेता केली. मला फार रडू आलं, पुणेकराला शोभणार नाही इतकं.

दफन झालं. पाऊस भुरभुरत होता, तरी कुणी हलेना. हलायचं कसं, हेच कुणाला कळत नव्हतं. शेवटी ओटो पुढे आला, टाय नीट केला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "सभा संपवण्याच्या बाजूने कोण?"

एकही हात वर झाला नाही. ओटोने सगळ्यांकडे नीट पाहून घेतलं, स्वतःचे दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले, आणि सभा तशीच चालू ठेवून आम्ही घरी गेलो.