खिळा नसलेली अभ्यासिका

आमच्या कोलशेतच्या कारखान्यात संध्याकाळी झाडू मारला की भुसा निघून जातो, किस्से मात्र साठतच राहतात. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, करवती, रंधे आणि हिराजीकाका. काका पूर्वी खाडीकाठी होड्या बांधायचे. आता पाडलेल्या इमारतींचं जुनं सागवान आणून घरा-खोल्यांचे लाकडी सांगाडे उभारतात, एकही खिळा न मारता. मी डोंबिवलीची. दोन दिवसांच्या वर्कशॉपला गेलेले, ती तिथेच चिकटले!

*

एकदा अख्ख्या एरियाची लाईट गेली. शेजारचे फॅब्रिकेशनवाले हात बांधून आमची हातकरवत चाललेली बघत बसले. एकाने विचारलं, "काका, तुमच्याकडे लोडशेडिंग नाय?"

"हाय ना. जेवल्यावर, दोन ते तीन!"

*

एका बाईंना खात्री हवी होती की लाकूड खरंच जुनं आहे, झाड तोडलेलं नाही. काकांनी लाकडातून उपसलेल्या गंजक्या खिळ्यांचा डबा पुढे केला. "झाडाला खिळे लागतात का, मॅडम?"

*

प्रत्येक कूस, म्हणजे लाकडाचं खाचेत बसणारं टोक, तिच्याच खाचेसाठी हाताने तासलेली असते, दुसरीकडे बसत नाही. म्हणून दोन्हीकडे पेन्सिलने एकच खूण. काका आकडे घालत नाहीत, मासे काढतात! आमच्या घरी सगळे शाकाहारी. पहिल्याच दिवशी मी बांगडा सुरमईत ठोकत बसले.

"पोरी, आधी म्हावरा शिक. लाकूड मंग!"

*

मग आली कोपरीच्या बुद्धविहाराची अभ्यासिका. तिथले जाधव आजोबा दोन वर्षं तिच्या मागे होते, कारण वस्तीतली पोरं जिन्यात बसून अभ्यास करायची. आमचंही एवढं मोठं काम पहिलंच. सांगाडा चमकावा म्हणून आदल्या दिवशी मी सगळ्या लाकडांवर मन लावून रंधा मारला.

सकाळी टेम्पो रिकामा झाला. काका म्हणाले, "खुणा कुठं गेल्या?"

रंध्याखाली! सोळा सांधे, आणि एकही मासा शिल्लक नाही. जाधव आजोबा माझ्याकडे बघतायत. मला रडूच फुटलं.

काकांनी चहा संपवला, मोबाईलचा टॉर्च लावला आणि एका खाचेत धरला. आत, तळाशी, पटाशीने कोरलेला पापलेट! कुशीच्या टोकावरही तोच.

"होडीवरची पेन्सिल खारं पाणी पुसतं, म्हणून मी आतपण कोरतो. इथं तू पुसलीस."

एवढं सुटल्यासारखं मला दहावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं. संध्याकाळी सांगाडा ताठ उभा!

उद्घाटनाला जाधव आजोबा पाहुण्यांना अभिमानाने सांगत होते, "जय भीम, या या! अख्ख्या अभ्यासिकेत एक खिळा नाही!"

मागून काका म्हणाले, "खिळा नाय. पण म्हावरा भरपूर हाय!"